आधी आकडा, मग यंत्र

आलोइस सेनेफेल्डर हा बव्हेरियातला नाटककार. नाटके लिहून होत, पण ती छापून घ्यायला गाठीशी पैसे नसत. म्हणून स्वतःच्या हाताने, कमी खर्चात छापता येईल अशी रीत तो शोधत राहिला आणि १७९६च्या सुमारास ती त्याला सापडली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि दगड ओला करायचा. कोरा भाग पाणी धरतो, लिहिलेला भाग शाई धरतो, वर कागद दाबला की अक्षरे उमटतात. शिळामुद्रण ते हेच, आणि आजच्या ऑफसेट छपाईचे मूळही हेच. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कामात नोकरी करणाऱ्या चेस्टर कार्लसनला कागदपत्रांच्या आणि आकृत्यांच्या नकला सतत लागत, त्या हाताने उतरवण्याचा त्याला कंटाळा आला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने आणि ऑटो कॉर्नाय या त्याच्या सहायकाने गंधकाच्या विद्युतभारित थरावर भुकटी चिकटवून कोरडी नक्कल काढली. झेरॉक्सची यंत्रे आणि टोनरवर चालणारी डिजिटल छपाई हा सगळा विस्तार त्या ठशाचा.

दोघांची गरज एकच होती: थोड्या प्रती, थोड्या पैशांत. पण सेनेफेल्डरची रीत पुढे लाखांच्या छपाईला जुंपली गेली आणि कार्लसनची रीत एकेका प्रतीची राहिली. असे का झाले, हे ज्याला नीट कळले त्याला ऑफसेट की डिजिटल या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. उरलेले निम्मे उत्तर यंत्रात नसते. ते छापून घेणाऱ्याच्या वाचकसंख्येत, वितरणात आणि खिशात असते. हे पुस्तक त्या उरलेल्या निम्म्यासाठी आहे.

छापखान्यात येणारा माणूस बहुधा दोन प्रश्न घेऊन येतो. स्वस्त काय पडेल, आणि चांगले काय दिसेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न यावा लागतो. किती प्रती हव्यात, त्या कोणाला, आणि केव्हापर्यंत? याचे उत्तर नसेल तर मुद्रकाने दिलेला कोणताही दर खरा असूनही निरुपयोगी ठरतो. मुद्रक सांगतो तो दर छापलेल्या प्रतीचा. प्रकाशकाला परवडावा लागतो तो दर विकल्या गेलेल्या प्रतीचा. या दोन दरांमधले अंतर दाखवणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे.

आधी ऑफसेटमध्ये पैसे कुठे जातात ते पाहू. प्रत्येक रंगाला स्वतंत्र प्लेट लागते. चाररंगी चित्र म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा. प्लेटवरची प्रतिमा थेट कागदावर येत नाही, ती आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. ही युक्ती अमेरिकेत १९०४ मध्ये आयरा रुबेल याला अपघाताने गवसली. यंत्रात एक कागद जायचा राहिला, ठसा दाबाच्या रबरावर पडला आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर उमटला. तो ठसा नेहमीच्या ठशापेक्षा रेखीव निघाला. खरबरीत कागदाच्या उंचसखलपणाशी रबर जुळवून घेते, त्यामुळे साध्या मॅपलिथो कागदावरही अक्षर स्वच्छ येते.

पण हे स्वच्छ अक्षर लगेच मिळत नाही. प्लेटा बसवायच्या, रंगांचे रजिस्टर जुळवायचे (म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवायचा), शाई आणि पाण्याचा तोल साधायचा, सुरुवातीचे कागद वाया घालवून रंग स्थिरावू द्यायचा. मशिनमनचा हा सगळा उद्योग पहिली चांगली प्रत निघण्याआधीचा. त्याला मेकरेडी म्हणतात. दोनशे प्रती काढा नाहीतर वीस हजार, मेकरेडी तेवढीच. एकदा यंत्राने लय धरली की मात्र पुढच्या प्रत्येक प्रतीला कागद, थोडी शाई आणि थोडा वेळ एवढाच खर्च उरतो.

डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक घ्या. १८ बाय २३ इंचांच्या कागदावर दोन्ही बाजू मिळून त्याची सोळा पाने बसतात. हा झाला एक फर्मा. दहा फर्म्यांना दोन बाजूंच्या मिळून २० प्लेटा, चाररंगी मुखपृष्ठाच्या आणखी चार. म्हणजे एकही प्रत हाती येण्याआधी २४ प्लेटांचा आणि तितक्या वेळा यंत्र जुळवण्याचा खर्च झालेला असतो. मोठे यंत्र असेल तर प्लेटांची संख्या घटते, पण प्रत्येक प्लेट महाग होते. तयारीचा खर्च टळत नाही, फक्त जागा बदलतो.

या तयारीच्या खर्चाने काय घडते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचली ती या कारखान्यामुळे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडावर कसबी हाताचे काम, आणि एका चित्राला असे अनेक दगड. इतकी तयारी अंगावर घेतल्यावर चित्र हजारोंनी खपणे भागच होते. चित्रांची कीर्ती देशभर झाली, पण कारखाना कर्जात बुडाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. चित्र उत्तम, छपाई उत्तम, मागणीही भरपूर. तरी तयारीचा आणि साठ्याचा भार पेलणे हे वेगळेच कौशल्य आहे, हे त्या कारखान्याने दाखवले.

डिजिटल यंत्राला प्लेट नसते. पीडीएफ थेट यंत्राकडे जाते. लेसरने किंवा प्रकाशाने ड्रमवर विद्युतभाराची प्रतिमा उमटते, तिला टोनर चिकटतो, तो कागदावर जातो आणि उष्णतेने तिथे वितळून बसतो. पहिले पान छापून झाले की ड्रम पुसला जातो आणि दुसऱ्या पानाला सज्ज होतो. म्हणून दोन लागोपाठच्या प्रती एकमेकींपेक्षा पूर्ण वेगळ्या असल्या तरी यंत्राला फरक पडत नाही. तयारीचा खर्च जवळपास शून्य. पण दर पानाला टोनर, ड्रमची झीज आणि यंत्राच्या देखभालीचा आकार लागतो. धंद्यात त्याला क्लिक म्हणतात. पहिल्या प्रतीला जेवढे क्लिक तेवढेच हजाराव्या प्रतीला. प्रती वाढल्या म्हणून डिजिटल फारसे स्वस्त होत नाही.

१९९३ मध्ये इंडिगो आणि झायकॉन या दोन कंपन्यांची रंगीत डिजिटल यंत्रे बाजारात आली आणि ही रीत छापखान्याच्या रंगीत कामात शिरली. ऑफसेट आणि डिजिटल यांच्यातली सीमारेषा तेव्हापासून धूसरच आहे. इंडिगोत पातळ शाई असते आणि प्रतिमा ब्लँकेटवरूनच कागदावर येते, म्हणजे डिजिटल असूनही रबराची युक्ती रुबेलचीच. आता तर रिळाच्या कागदावर चालणारी इंकजेट यंत्रे हजारोंच्या संख्येत पुस्तके काढतात. दुसरीकडे ऑफसेटमध्ये संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्याने फिल्मचा टप्पा गेला आणि वाया जाणारा कागदही कमी झाला. त्यामुळे ‘अमुक प्रतींपर्यंत डिजिटल, त्यापुढे ऑफसेट’ असा कायमचा आकडा या पुस्तकात नाही. तो दर वर्षी, दर गावात आणि दर कामागणिक बदलतो. तो काढायचा कसा, एवढेच इथे शिकवले आहे.

हिशेब सोपा आहे. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा वरच्या पुस्तकाला ऑफसेटच्या तयारीचा खर्च ३०,००० रुपये आणि त्यानंतर दर प्रतीला ५० रुपये लागतात. डिजिटलवर तयारी शून्य, पण दर प्रत १२५ रुपये. दर प्रतीमागे ऑफसेटमध्ये ७५ रुपये वाचतात; ३०,००० भागिले ७५ म्हणजे ४००. चारशे प्रतींना दोन्ही खर्च समान, त्याखाली डिजिटल, त्यावर ऑफसेट. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, ‘मग हजारच काढू या, ८० रुपयांना पडते.’

हजार प्रतींचा खर्च ८०,००० रुपये, दर प्रत ८०, हे बरोबरच आहे. पण त्यातल्या पाचशेच विकल्या गेल्या तर विकलेली प्रत १६० रुपयांना पडली. त्याच पाचशे प्रती लागतील तशा डिजिटलवर काढल्या असत्या तर ६२,५०० रुपये लागले असते. म्हणजे दर प्रतीला महाग असलेली छपाई एकूण खर्चात स्वस्त ठरली. या उदाहरणात ६४० प्रती विकल्या जाईपर्यंत हजारांची ऑफसेट आवृत्ती डिजिटलच्या तुलनेत तोट्याचीच आहे. कागदावर चारशेला असलेली सीमारेषा व्यवहारात साडेसहाशेच्या आसपास सरकली, आणि यात गठ्ठे ठेवण्याची जागा, वाळवी, गळके छप्पर आणि अडकलेल्या पैशांवरचे व्याज धरलेलेच नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पाचशे प्रती जाणारच अशी खात्री असेल तर ऑफसेटवर पाचशेच काढाव्यात. खर्च ५५,००० रुपये, म्हणजे डिजिटलपेक्षा कमी. शिवाय पुस्तक दुकानांतून विकायचे असेल तर डिजिटलचा हिशेब पटकन कोसळतो. समजा किंमत २५० रुपये आणि विक्रेत्याचे कमिशन ४० टक्के. हाती आले १५० रुपये. त्यातून डिजिटलचे १२५ वजा केले तर उरले २५. त्यात मानधन, टपाल, परीक्षणासाठी दिलेल्या प्रती सगळे भागवायचे. हजार प्रती विकल्या गेल्या तर ऑफसेटच्या ८० रुपयांच्या प्रतीत ७० उरतात. म्हणून लेखक थेट वाचकाला विकत असेल तर डिजिटल पेलते, दुकानाच्या साखळीतून जायचे असेल तर बहुधा ऑफसेटच पेलते. छपाईची निवड ही अशी वितरणाच्या निवडीला बांधलेली असते.

मराठीत एकेकाळी आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती, हे गृहीतच असे. या आकड्याला साहित्याच्या लोकप्रियतेपेक्षा छापखान्याची सोय जास्त कारणीभूत होती. २३ बाय ३६च्या एका रीममध्ये ५०० कागद. मधोमध कापले की १८ बाय २३चे १,००० कागद. एक रीम, एक फर्मा, हजार प्रती. दहा फर्म्यांना दहा रीम आणि वर थोडी वाया जाण्याची बेगमी. खिळ्यांच्या काळात तर आणखी एक अडचण होती. फर्मा छापून झाला की जुळारी खिळे सोडून पुन्हा घरांत टाकत असे, कारण पुढच्या फर्म्याला तेच खिळे हवे असत. दुसऱ्या आवृत्तीला सगळे पुस्तक नव्याने जुळवावे लागे. तेव्हा एकदाच भरपूर छापून ठेवणे शहाणपणाचे होते. आज मजकूर फाइलमध्ये कायम जुळलेला असतो. हजाराची सवय ज्या कारणांनी लागली ती कारणे संपली आहेत, तरी अनेक लेखक आणि संस्था अजून हजाराच्या खाली बोलायला कचरतात. कमी प्रती छापणे म्हणजे पुस्तकाची किंमत कमी करणे असे त्यांना वाटते. दीडशे जिवंत वाचकांसाठी दीडशे प्रती काढण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

आता दर्जाविषयी. ‘डिजिटल म्हणजे झेरॉक्स, ऑफसेट म्हणजे खरी छपाई’ हा समज दहा-पंधरा वर्षांपूर्वी बराचसा बरोबर होता, आता तो अर्धवट उरला आहे. खात्री करायला तोंडी मतापेक्षा भिंग बरे. भिंगाखाली ऑफसेटचे अक्षर काठाला स्वच्छ दिसते आणि शाई कागदात मुरलेली असते. टोनरचे अक्षर कागदावर बसलेले असते, त्याच्या भोवती कधी कधी बारीक कण उडालेले दिसतात. साध्या वाचनाच्या अंतरावर, चांगल्या यंत्रावर, काळ्या मजकुरात हा फरक बहुतेक वाचकांना कळत नाही. तो कळतो तीन ठिकाणी: मोठ्या सपाट रंगाच्या पट्ट्यात, जिथे डिजिटलमध्ये आडवे-उभे पट्टे येण्याचा धोका असतो, त्वचेच्या किंवा आकाशाच्या हलक्या छटांत, आणि पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत तोच रंग हवा असतो तेव्हा. चित्रकाराचा संग्रह किंवा छायाचित्रांचे पुस्तक मोठ्या संख्येत काढायचे तर ऑफसेटकडे आजही माझा कल आहे.

देवनागरीच्या म्हणून काही खास गोष्टी आहेत, त्यांवर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. शिरोरेषा आणि मात्रांच्या बारीक रेषा या छपाईची परीक्षा घेतात. मजकूर करड्या रंगात ठेवला तर तो ठिपक्यांनी बनतो आणि शिरोरेषेची कड करवतीसारखी दिसते. डिजिटलवर हे जास्त जाणवते. मजकुराचा काळा रंग चार रंगांच्या मिश्रणाने केला असेल तर ऑफसेटवर रजिस्टर किंचित सरकताच प्रत्येक वेलांटीला निळी-लाल सावली पडते. मजकूर निव्वळ काळ्या प्लेटवर असावा, हा नियम दोन्हीकडे पाळावा. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे टाकली तर अनुस्वार बुजतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतला र बिघडतो, तो तपासल्याशिवाय आणि फॉन्ट पीडीएफमध्ये बसवल्याशिवाय फाइल पाठवू नये. यांतल्या बहुतेक चुका यंत्राच्या नसतात, पण चुकीची किंमत यंत्र ठरवते. ऑफसेटवर तिसऱ्या फर्म्यात राहिलेली चूक हजार प्रतींत जाते, मग एकतर फर्मा पुन्हा छापा नाहीतर शुद्धिपत्र जोडा. डिजिटलवर पुढच्या पन्नास प्रतींत ती दुरुस्त करता येते. या सोयीचा एक दुष्परिणामही दिसतो. ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत मुद्रितशोधनच ढिले होते आणि पहिल्या पन्नास वाचकांना कच्चा खर्डा विकला जातो.

कागद आणि बांधणी यांकडे निवडीच्या वेळी कोणी पाहत नाही आणि पुस्तक हातात आल्यावर सगळे त्यावरच बोलतात. ऑफसेटवर जवळपास हवा तो कागद चालतो. डिजिटल यंत्र कागदाच्या बाबतीत चोखंदळ असते, आणि बरेच काम १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचांच्या कागदावर होते. या आकारात पुस्तकाची पाने बसवताना कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कधी कधी कण्याला आडवा येतो. तसे झाले की पुस्तक सपाट उघडत नाही, सोडले की मिटते. टोनर घडीवर तडकतो, म्हणून जाड मुखपृष्ठाला आधी क्रीझ मारावी आणि लॅमिनेशन करून घ्यावे, तेही टोनरला धरणाऱ्या फिल्मचे. डिजिटल पुस्तके बहुधा सुटी पाने चिकटवून बांधतात. वर्षानुवर्षे हाताळायचा ग्रंथ असेल तर जुजबंदीची शिलाई हवी आणि तिच्यासाठी फर्म्याची घडी हवी, हे आधीच बोलून घ्यावे. आणखी एक बारकावा कण्याचा. १६० पाने म्हणजे ८० पत्रे, कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर कणा ८ मिलिमीटर. पहिली आवृत्ती ऑफसेटवर आणि पुढची डिजिटलवर वेगळ्या कागदावर काढली तर जुने मुखपृष्ठ बसत नाही, कण्यावरचे नाव बाजूला सरकते.

वेळेचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. डिजिटल लगेच आणि ऑफसेट उशिरा, हे शंभर प्रतींना खरे. पाच हजार प्रतींना उलटे. ऑफसेटचे यंत्र एका तासात हजारो कागद ओढते, मात्र शाई वाळायला वेळ द्यावा लागतो. घाई करून ओले कागद एकावर एक रचले की एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. पावसाळ्यात हे दुखणे वाढते. दमट हवेत कागद ओलावा पितो, कडा लहरतात, रजिस्टर हलते. कोकण-गोव्यातल्या मुद्रकांना हे सांगायला नको. डिजिटल यंत्रही ओल्या कागदाला बिचकते. कागद अडकतो, टोनर नीट बसत नाही. दिवाळी अंकांचे काम नेमके पावसाच्या अखेरीला ऐन भरात असते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या संपादनाखाली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून या अंकाचे स्वरूप फारसे बदललेले नाही: ठरलेली तारीख, उशिरा येणाऱ्या जाहिराती, आणि सण उलटला की उतरणारी मागणी. मजकुराचे फर्मे आधी छापून जाहिरातींचा रंगीत फर्मा शेवटी घेणे ही इथली जुनी शहाणी रीत आहे. काही हजार प्रती असतील तर ती ऑफसेटवरच होते. गावातल्या वाचनालयाचा दोनशे प्रतींचा अंक मात्र निःसंकोच डिजिटलवर काढावा.

एकाच रीतीने सगळी कामे होत नाहीत, हे मराठी मुद्रणाच्या दोन टोकांवरून स्पष्ट व्हावे. एका टोकाला पंचांग आणि दिनदर्शिका. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग शिळाछापावर काढले, त्याआधी पंचांगे हाताने उतरवली जात. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघरच्या भिंतीवर आले. असे काम एकच मजकूर, प्रचंड संख्या आणि पक्की तारीख यांवर उभे असते. तिथे ऑफसेटला पर्याय नाही. दुसऱ्या टोकाला कुलवृत्तांत. घराणी मोजकी, वाचक नावानिशी माहीत, नोंदणी आधी करता येते, आणि छापून झाल्याबरोबर कोणीतरी कळवतो की आमच्या शाखेतली दोन नावे राहिली. हे काम डिजिटलसाठीच जन्मले आहे. आधी नोंदणी, मग तितक्याच प्रती, पुढच्या वर्षी दुरुस्त आणि वाढीव आवृत्ती. घराण्यातले कोणी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतील तर जड खोकी विमानाने पाठवण्याऐवजी फाइल पाठवून तिथेच चार प्रती छापून घेता येतात. परदेशातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांनाही हाच मार्ग सोयीचा.

या दोन टोकांच्या मध्ये कवितासंग्रह, शाळांची वार्षिके, प्रबंध, संस्थांचे अहवाल, दुर्मीळ पुस्तकांची पुनर्मुद्रणे असा मोठा प्रदेश आहे. तिथे दोन्ही रीती एकत्र वापरता येतात, आणि या पुस्तकाचा सर्वांत उपयोगी भाग बहुधा तोच ठरेल. परीक्षणासाठी आणि शेवटच्या तपासणीसाठी पंधरा-वीस प्रती डिजिटलवर काढायच्या, आवृत्ती ऑफसेटवर, आणि ती संपल्यावर तुरळक मागणी पुन्हा डिजिटलवर भागवायची. प्रमाणपत्रांची रंगीत चौकट ऑफसेटवर एकदाच छापून ठेवायची आणि नावे डिजिटलवर घालायची. मुखपृष्ठ ऑफसेटवर जास्त काढून ठेवायचे आणि आतली पाने लागतील तशी डिजिटलवर, हाही मार्ग आहे, फक्त आतला कागद बदलायचा नाही, नाहीतर कणा चुकलाच.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात वाचकसंख्येचा अंदाज कसा करावा ते आहे: पूर्वनोंदणी, ग्रंथालये, मागच्या पुस्तकाची खरी विक्री, भेट म्हणून जाणाऱ्या प्रती. दुसऱ्या भागात दोन्ही यंत्रांचे काम, तिसऱ्यात फाइलची तयारी, चौथ्यात कागद आणि बांधणी. शेवटच्या भागात मुद्रकाशी बोलणे कसे करावे याचे नमुने दिले आहेत. दरपत्रक मुद्दाम दिलेले नाही. छापून होईपर्यंत ते शिळे झाले असते आणि वाचकांनी मुद्रकांशी त्यावरून वाद घातले असते.

या शेवटच्या भागाविषयी थोडे आग्रहाने सांगतो. मुद्रक हा प्रतिस्पर्धी नव्हे. ज्याच्याकडे ऑफसेट यंत्र आहे तो ऑफसेट सुचवेल, ज्याच्याकडे डिजिटल आहे तो डिजिटल सुचवेल, यात लबाडी नाही. आपल्या यंत्राला काम मिळावे असे कोणालाही वाटते. म्हणून दोन्हींकडून एकाच तपशिलावर कोटेशन घ्यावे: आकार, पाने, रंग, कागदाचे नाव आणि जीएसएम, मुखपृष्ठाचे लॅमिनेशन, बांधणी, पोचवण्याची तारीख. प्रती मात्र तीन वेगवेगळ्या संख्यांना विचाराव्यात, समजा २००, ५०० आणि १,०००. तीन आकडे समोर आले की तयारीचा खर्च किती आणि पुढच्या प्रतीचा किती, हे घरी बसून वेगळे करता येते. त्यासाठी मुद्रकाच्या पोटात शिरण्याची गरज नाही. त्याच यंत्रावर, त्याच कागदावर छापलेला नमुना हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नये. संगणकाच्या पडद्यावरचा रंग हा नमुना नव्हे. अंतिम पीडीएफ कोणाकडे राहील हेही लिहून घ्यावे.

हे पुस्तक वाचून कोणी मुद्रणतज्ज्ञ होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. स्वतःचे पुस्तक काढणारा लेखक, अंकाची जबाबदारी अंगावर पडलेला संपादक, संस्थेचा कार्यवाह, छोटा प्रकाशक यांच्यासाठी ते आहे. त्यांनी पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी एवढेच करावे. एक कागद घ्यावा आणि पुस्तक नक्की घेणाऱ्यांची संख्या लिहावी. तिच्या शेजारी बहुधा घेणाऱ्यांची, आणि शेवटी घेतील अशी आशा असलेल्यांची. पहिले दोन आकडे छपाईचे आहेत, तिसरा प्रचाराचा. छपाईचा खर्च तिसऱ्या आकड्यावर करू नये.